तुम्ही विचारलंत म्हणून: फळ्या लागलेली तावेर्न

गोव्यात म्हापशाच्या बाजारात आमच्या दुकानाला लागून लाकडी फळ्यांचं एक बंद दार आहे. गिऱ्हाईक सामान घेता घेता हमखास विचारतं, "हा बार महामार्गबंदीत गेला का हो?"

नाही. महामार्गालगतच्या दारूविक्रीवर बंदी घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा तो आदेश १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि या फळ्या लागल्या त्या २००८ च्या पावसाळ्यात. शिवाय तो बार नव्हताच. तावेर्न होती, म्हणजे काजूची फेणी पाजणारं छोटंसं जुन्या वळणाचं दुकान.

तिचं पोट शुक्रवारच्या आठवडी बाजारावर चालायचं. हळदोण्याची मिरची, मयड्याची केळी, पर्र्याची कलिंगडं घेऊन माणसं सकाळी उतरायची. रिकाम्या टोपल्या तावेर्नच्या पायरीवर राहायच्या, गावाकडचे निरोप आत. दुपारी माल संपला की बस येईपर्यंत पुरुषमंडळी तिथेच टेकायची.

मालकांना सगळा बाजार पात्रांव म्हणायचा. नवी फेणी आली की ते थोडी बाटलीत घेऊन जोरात हलवायचे आणि उजेडाकडे धरायचे. बारीक बुडबुडे मण्यांसारखे काठाला चिकटून राहिले तर भट्टीवाल्याला पैसे, झटकन विरले तर माल परत. काजूचा आंबलेला रस एकदा भट्टीवर चढवून निघते ती हुर्राक. तीच पुन्हा रसात मिसळून चढवली की फेणी. हे मला शाळेच्या वयात त्यांनीच सांगितलं, हातात लिमलेटची गोळी देऊन.

मग बंद का पडली? माझ्या मते दुचाकीमुळे. घरोघर स्कूटर आली आणि बसची वाट बघणं संपलं. साडेबाराला विक्री आटोपलेला माणूस एक वाजता घरी जेवायला बसू लागला. तावेर्न त्या मधल्या रिकाम्या वेळावर उभी होती, दारूवर नव्हे. पात्रांवची मुलं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेली, परवाना पुढे चालवायला कोणी उरलं नाही. शेवटी तेही मुलांकडे गेले.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ती खास गोव्याचीच अशी सरकारी मोहोर. पेपर हातात घेऊन मी या फळ्यांसमोर उभा होतो. आयुष्यभर बाटली उजेडाकडे धरून मानांकनच तर देत होता हा माणूस.

मयड्याची एक म्हातारी अजून शुक्रवारी येते. टोपली त्याच पायरीवर ठेवते आणि मला सांगते, "बघ हां जरा."