पंतांचा उपास

शनिवार, १२ जुलै, रात्रीचे साडेबारा

मागच्या रविवारी आषाढी होती आणि पंतांनी दिवसभर काही खाल्लं नाही, तर आई म्हणाली, बघ गं, पंतांचाही उपास. आम्ही दोघी खो खो हसलो. वर मी साबुदाण्याच्या खिचडीचा फोटो आणि शेजारी डोळे मिटून बसलेल्या पंतांचा फोटो असं जोडून फॅमिली ग्रुपवर टाकलं. सतरा जणांनी हात जोडले. तोच फोटो आज डॉक्टर मॅडमना दाखवला, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दुपारचा आहे का हा फोटो?"

दुपारचाच होता. दीड वाजताचा. आणि दिवसाढवळ्या डोळे मिटून बसणं म्हणजे पंतांची तब्येत बरी नाही.

पंत म्हणजे दादाचा व्हेल्ड शॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा. मूळचे येमेन-सौदीकडचे, डोक्यावर पगडीसारखा उंच तुरा, म्हणून पंत, आणि घरात सगळे त्यांना अहोजाहोच करतात, पंत उठले, पंत रागावले वगैरे. दादा कॅनडाला गेला आणि पंत आमच्या मुलुंडच्या वन बीएचकेत हॉलच्या कोपऱ्यात राहिले. नोंदणीचे कागद दादाने आधीच करून ठेवलेत, फाइल कपाटात आहे. (आपल्याकडचा घोयरा सरडा कुणी हौसेने पकडून घरी ठेवत असेल तर तो गुन्हा आहे बरं का, १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली. वॉचमन काकांना हे तीनदा सांगून झालंय, तरी त्यांना वाटतं पंत आम्ही आरेच्या जंगलातून उचलून आणलेत.)

तर झालं काय, की आम्ही रंग बघत बसलो. सरडा म्हटलं की जो तो रंगाचं विचारतो आणि दादासुद्धा व्हिडिओ कॉलवर पहिलं तेच, रंग कसा आहे? मी कॅमेरा फिरवायचे, पंत छान हिरवेगार, अंगावर पिवळे पट्टे, दादा खूश, मी खूश. आणि रंग खरंच चांगला होता, शेवटपर्यंत चांगला होता. काळपट पडले असते तर मी लगेच घाबरले असते.

आता मागे वळून बघते तर जूनपासूनच चालू होतं सगळं. पंत फांदीवर चढायला वेळ लावायचे, मला वाटलं पावसाळी हवा, आळस. मग फांदीला पाय नीट आवळेनात. यांचे पाय म्हणजे चिमटे असतात, दोन बोटं इकडे तीन तिकडे, एकदा धरलं की सोडवताना आपल्यालाच भीती वाटते मोडेल म्हणून. तो चिमटा सैल पडला होता. परवा हातावर घेतलं तर आवळणं जाणवलंच नाही, नुसते टेकलेले पाय, आणि बोटं बारीक थरथरत होती, फोन व्हायब्रेटवर असतो ना तसं.

तरी मी डॉक्टरकडे पळाले ती त्या जिभेमुळे. गुरुवारी रात्री कामावरून आले, एक रातकिडा चिमट्यात धरून समोर नेला. दोन्ही डोळे पुढे वळले, मान खाली गेली, तोंड उघडलं. एरवी ती जीभ कधी सुटली आणि कधी आत गेली हे दिसतच नाही, टप् असा आवाज येतो आणि रातकिडा गायब, अंगापेक्षा लांब जीभ आहे ती. त्या दिवशी जीभ अर्धी बाहेर आली आणि लोंबली. ओल्या सुतळीसारखी. पंत तसेच बसून राहिले, मग हळूहळू, ओढून ओढून आत घेतली. पुन्हा प्रयत्न केला नाही. तोंड फिरवलं आणि डोळे मिटले.

मला कसंतरीच झालं. आईला हाक मारली, ती पोळ्या टाकून आली, बघितलं आणि म्हणाली, "अगं हा उपास नाही गं."

शुक्रवारी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना विचारलं. ते सरळ म्हणाले, मी कुत्री-मांजरी बघतो, यातलं मला कळत नाही, उगाच काहीतरी देऊन बसेन. आणि अंधेरीच्या एका मॅडमचा नंबर दिला. किती बरं वाटलं मला त्या "कळत नाही"चं!

आज सकाळी बुटाच्या खोक्यात आडवी फांदी बसवली, झाकणाला भोकं पाडली, पंतांना आत ठेवलं आणि रिक्षा. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर ट्रॅफिकमध्ये पाऊण तास जागच्या जागी. रिक्षावाले काका म्हणाले, मॅडम केक है क्या, इतना संभाल के पकडा है. मी हो म्हटलं.

डॉक्टर मॅडमनी आधी तोंडाजवळ कान नेऊन श्वास ऐकला, कारण पावसाळ्यात दमट कोंदट हवेत यांना छातीचं इन्फेक्शन होतं, तोंड वासून श्वास घेतात, बुडबुडे येतात. ते नव्हतं. शीबरोबरचा पांढरा भाग पांढराच असतो की नारिंगी होतो, विचारलं. पांढराच. म्हणजे पाणी पोटात जातंय, चला, एवढं तरी मी धड केलंय. मग करंगळीने खालचा जबडा अगदी हलके दाबला आणि तो वाकला. मी बघितलं ते. हाड वाकायला नको ना.

एक्स-रेमध्ये तर हाडं शोधावी लागत होती, पुसट पुसट, आणि पुढच्या डाव्या पायाला बाक. मॅडम म्हणाल्या मेटाबोलिक बोन डिसीज, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम कमी पडतं म्हणून शरीर हाडांतलं काढून वापरत राहतं, आणि स्नायूंनाही ते पुरत नाही म्हणून जीभ सुटत नाही, पकड ढिली होते.

मी म्हटलं, पण कॅल्शियमची पावडर देते की मी, प्रत्येक वेळी रातकिडे घोळवून देते.

"यूव्हीबीची ट्यूब कधी बदललीत?"

मी म्हटलं, "बदलली नाही, पण रोज पेटतेय की."

हे बोलले आणि त्या गप्प बसल्या तेव्हाच मला कळलं की काहीतरी चुकलंय. ट्यूब पेटते, उजेड पडतो, पण त्यातलं यूव्हीबी, म्हणजे उन्हात असतात ते अतिनील किरण, सहा महिने ते वर्षभरात उतरत जातं आणि आपल्या डोळ्यांना ते दिसतच नाही. यूव्हीबी नाही तर अंगात डी३ व्हिटॅमिन बनत नाही, डी३ नाही तर पावडरीतलं कॅल्शियम पोटातून तसंच बाहेर. ट्यूब दादा जायच्या आधीची होती. दीड वर्षं झालं असेल. आणि मी शहाणी, पावसात ऊन नाही म्हणून जरा ऊन पडलं की पिंजरा हॉलच्या बंद खिडकीशी सरकवायचे. काचेतून यूव्हीबी येत नाही! म्हणजे मी रोज प्रेमाने त्यांना नुसता उजेड खाऊ घालत होते.

तोंडाने द्यायचं कॅल्शियम मिळालंय, थेंब मोजून, पण जबडा हाताने उघडायचा नाही, मोडू शकतो. ओठांच्या कडेला थेंब लावायचा, ते स्वतः चाटतात. उंच फांद्या काढून टाकल्या, पडले तर फ्रॅक्चर. रातकिडे वाटीत, तोंडाशी, म्हणजे जीभ लांब टाकावी लागणार नाही. डी३ची औषधं मनाने द्यायची नाहीत, जास्त झाली तरी घातक. हाडं घट्ट व्हायला महिने लागतील आणि डाव्या पायाचा बाक राहणारच म्हणाल्या.

येताना नवीन ट्यूब घेतली. लावली तर जुनीसारखीच दिसते. अगदी तश्शीच.

दादाला अजून सांगितलं नाहीये. ट्यूबचं कसं सांगायचं तेच जुळवतेय.

मंगळवार

दादाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, अगं मीच सांगायला विसरलो होतो बदलायचं. मला रडू आलं, त्याला वाटलं नेट गेलं.

पंत आज दुपारी डोळे उघडे ठेवून बसले होते. वाटीतला एक रातकिडा खाल्ला, जीभ न टाकता, आपण लाडू खातो तसा सरळ तोंडाने.

वजन रोज करायला सांगितलंय म्हणून आईचा स्वयंपाकघरातला काटा घेतला. "चकलीचं पीठ मोजते मी त्यावर," आई म्हणाली, पण मग तिनेच वर स्वच्छ फडकं घातलं. दादा गेला तेव्हा १४१ ग्रॅम होते, शनिवारी १२८. आज १२९.

"एक ग्रॅम काय, पाणी प्यायले असतील," आई म्हणाली. आणि कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, बारीक अक्षरात लिहिलं, पंत १२९.