तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांची होडी विकत का नाही?

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. घरात शीड उभारणारं आता कोणी नाही, मग होडी विकून का टाकत नाही, असं इथे ग्वाल्हेरच्या लश्कर भागात भेटणारा प्रत्येक जण विचारतो. आजवर मी "आठवण आहे त्यांची" एवढंच म्हणत आले. ते अर्धंच खरं होतं. होडी विकण्यासारखी राहिलेली नाही, आणि जपता जपता ती आम्हीच कुजवली.

होडी एंटरप्राइझ जातीची आहे. जॅक होल्ट यांनी आखलेली, दोघांनी चालवायची, ४.०४ मीटर लांब, निळ्या शिडांची. अंग सगळं मरीन प्लायचं. त्या "मरीन" शब्दावर आम्ही विसंबलो. मरीन प्लायसाठीच्या आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का प्लायच्या थरांमधल्या चिकटपणाची हमी देतो. ७२ तास उकळूनही थर सुटता कामा नयेत. पाणी कोंडून ठेवलं तर आतलं लाकूड मात्र कुजतंच. त्यातही पावसाचं गोडं पाणी जास्त वाईट, कारण मिठानं बुरशीला थोडा आळा बसतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला आणि हवा खेळली नाही, की बुरशी धरते.

बाबा होडी पालथी ठेवायचे, ओंडक्यांवर, जमिनीपासून हातभर उंच. तळाचं बूच काढलेलं. ताडपत्री दोरीवर तंबूसारखी टाकायची, दोन्ही टोकं उघडी. ते गेल्यावर आम्ही ती सुलटी ठेवली, बूच तसंच राहू दिलं आणि ताडपत्री घट्ट आवळून बांधली. मायेनंच केलं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला, प्लाय आक्रसलं, वार्निश तडकलं. जुलैत ताडपत्रीला मधोमध पोट आलं, त्यात पाणी साचलं आणि झिरपत पुढच्या डेकवर उतरत राहिलं. तिथून तड्यांतून आत, आणि आतून नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी. बाहेर पडायला वाट नव्हती.

दिवाळीआधी ताडपत्री सोडली तेव्हा ओल्या तळघरासारखा वास आला. चांगलं प्लाय पेचकसाच्या मुठीनं ठोकलं की टणटणीत वाजतं. नाळेपाशी ते बद्द वाजलं. पेचकसाचं टोक टेकवलं, तर दाबही न देता ते मुठीपर्यंत आत गेलं. लाकूड तपकिरी, चौकोनी चिरा पडलेलं, चिमटीत भुगा होणारं. ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणाच्या पाण्यावर बाबा जिथे पाय रोवून पुढचं शीड आवरायचे, ती ही जागा.

"तेव्हाच द्यायची होती" म्हणणाऱ्यांना काय सांगू? तेव्हा बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता. तरी दिली असती तर निदान ती पाण्यावर असती, हेही खरं.

तळ दुरुस्त होतो आहे. कुजलेल्या भागापलीकडे निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचं, मग एकास आठ उताराचा सांधा, म्हणजे दोन्ही कडा जाडीच्या आठपट लांब उतारानं तासून एकमेकींवर चिकटवायच्या. ६ मिलिमीटर जाड प्लायला ४८ मिलिमीटर लांब उतार. चिकटवायला इपॉक्सी हे दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिनच हवं, पॉलिएस्टर रेझिन लाकडाला नीट धरत नाही. उन्हाळ्यात इपॉक्सी खोल मगात ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेनं तापून वाया जातं. थोडं थोडं कालवून पसरट थाळीत ओतायचं, आणि काम पहाटे.

अडलं आहे ते डेकपाशी. डेकच्या खालच्या अंगाला बाबांनी पेन्सिलीनं प्रत्येक पाण्याचं नाव लिहिलं आहे, पुढे तारीख आणि वाऱ्याची दिशा: तिघरा, भोपाळचा मोठा तलाव, तवा धरण, मालवण. ट्रकवर लादून होडी नेत आणि परतताना वाकून लिहीत. तिथलंच प्लाय मऊ पडलंय. जोड तुळईवर टेकला तरच डेक माणसाचं वजन घेईल, म्हणजे दोन तुळयांमधला अख्खा तुकडा काढावा लागेल. सगळी नावं त्याच तुकड्यावर आहेत.

पातळ इपॉक्सी मुरवून जुनं लाकूड टिकवता येईल का, हे विचारून झालं. वरून कडक होईल, पण जोर येणार नाही आणि आत राहिलेली ओल तशीच कोंडली जाईल. तुकडा कापून फ्रेममध्ये लावा, असं आई म्हणते. मी तुळयांवर खडूनं रेघा आखल्या आहेत. करवत अजून लावलेली नाही.