तू बघ हां!

काल गुहागरला लेकाकडे आले. नातू ७ वर्षांचा, नात ४ वर्षांची, म्हणजे माझ्या गुडघ्यांना सुट्टी नाहीच! आज समुद्रावर कासवाची पिल्लं सोडणार होते, म्हणून दोघांनी पहाटे साडेपाचलाच उठवलं. ऑलिव्ह रिडलेचं पिल्लू केवढं, तर माझ्या तळहातात मावेल एवढं. वाळूत वल्ही मारत, अडखळत, पण तोंड सरळ लाटेकडे.

"आजी, ह्यांची आई कुठंय?" धाकटीने विचारलं. म्हटलं, आई अंडी घालते, खड्डा बुजवते नि परत जाते. ५०-५५ दिवसांनी पिल्लं आपली आपण बाहेर येतात. तिचा चेहराच उतरला. उगाच सांगितलं, असं वाटलं.

संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावला. मी माझी यादी काढली : गुडघे, जमिनीची केस, सुनेची बदली. (हीच काल व्याडेश्वरापुढेही वाचली होती.) शेजारी धाकटी हात जोडून पुटपुटत होती, "देवबाप्पा, त्यांच्याजवळ आई नाहीये. तू बघ हां." मग एक डोळा उघडून, "आजी, झालं माझं. आंबोळी खायला चल."

माझी यादी केसपर्यंतच आली होती. तशीच उठले. आंबोळ्या मात्र ४ झाल्या.