उलटीचं साधं इंजेक्शन

"काही नाही हो, उलटीचं साधं इंजेक्शन आहे." जाऊबाईंची केमो सुरू झाल्यापासून हे वाक्य मी वॉर्डबॉयपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलंय. साधं म्हणजे काय तर बी कॉम्प्लेक्ससारखं, कुणीही टोचावं कुणीही घ्यावं असं. तर ते तसं नाही, आणि हे मी घाबरवायला सांगत नाहीये, उलट हे इंजेक्शन नसतं तर आमच्या ताईंनी (मोठ्या जाऊबाईंना मी ताई म्हणते) दुसऱ्याच सायकलला (म्हणजे केमोच्या फेरीला) "बास झालं, मला घरी न्या" म्हटलं असतं. औषध भारी आहे म्हणूनच ते नीट घ्यायचं, एवढंच म्हणणं आहे. मी डॉक्टर नाही, घरी दहावीच्या शिकवण्या घेणारी बाई आहे, पण डे-केअरच्या (केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात तो विभाग) खुर्चीशेजारी बसून बसून जे विचारलं, जे समजलं ते लिहिते.

ताईंना ब्रेस्टचा कॅन्सर, आणि औषध ते 'लाल औषध', म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि त्याच्यासोबत सायक्लोफॉस्फमाइड. ही जोडी उलटी करवण्यात एकदम वरच्या गटात मोडते, सिस्प्लॅटिन नावाच्या दुसऱ्या केमो औषधाच्या बरोबरीने. म्हणून केमोच्या आधी जे प्रीमेड देतात त्यात एक नाही, तीन-चार औषधं असतात, आणि आपण सगळ्याला मिळून 'उलटीचं इंजेक्शन' म्हणतो. पहिल्या दिवशी मी सिस्टरना विचारलं की ही कुठली कुठली, तर त्या जरा चमकल्या पण मग छान सांगितलं. विचारलं की सांगतात, आपणच विचारत नाही.

सगळ्यात ओळखीचं म्हणजे ओन्डानसेट्रॉन. मेडिकलमध्ये एमसेट म्हणून मिळतं, ओन्डेम म्हणून मिळतं, व्होमीकाइंड म्हणूनही मिळतं, आणि ही तिन्ही नावं एकाच औषधाची आहेत हे घरोघरी माहीत पाहिजे. कारण होतं काय, हॉस्पिटलने डिस्चार्जला एका नावाची गोळी दिलेली असते, घरी उलटी झाली की गल्लीतले डॉक्टर दुसऱ्या नावाचं इंजेक्शन देतात, आणि घरच्यांना वाटतं की दोन वेगळी औषधं दिली म्हणजे आता फरक पडेल. डोस मात्र दुप्पट झालेला असतो. पाकिटावर किंवा अँप्युलवर मोठ्या अक्षरातल्या नावाजवळ बारीक अक्षरात मूळ नाव असतं ते वाचायचं, चष्मा लावून वाचायचं.

हे काम कसं करतं ते मला फार आवडलं म्हणून सांगते. केमोचं औषध रक्तात गेलं की आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी दुखावतात आणि सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात, ते तिथल्या नसेला चिमटा काढतं आणि ती नस मेंदूला कळवते की विष आलंय, बाहेर फेका. ओन्डानसेट्रॉन त्या नसेवरची ती जागाच अडवून बसतं, म्हणजे निरोप निघतच नाही. आता यावरून लगेच लक्षात येईल की हे उलटी सुरू झाल्यावर देण्यापेक्षा आधी देण्यात खरा फायदा आहे. म्हणून केमोच्या साधारण अर्धा तास आधी देतात. शेजारच्या खुर्चीवरचे एक काका दर वेळी "मला आज काही मळमळ नाही, कशाला उगीच" म्हणून भांडायचे. अहो काका, मळमळ नाही म्हणूनच आत्ता!

आता 'साधं' नाही ते का, तर हृदय. ओन्डानसेट्रॉनने ईसीजीमधलं क्यूटी नावाचं अंतर लांबू शकतं, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी परत तयार व्हायला घेतं तो वेळ वाढतो, आणि फार वाढला तर ठोक्यांची लय बिघडू शकते. बहुतेकांना काही होत नाही. पण डोसावर अवलंबून आहे हे. हे औषध अमेरिकेत १९९१ मध्ये मंजूर झालं, नंतर केमोसाठी एकदम ३२ मिलिग्रॅम शिरेतून द्यायची पद्धत आली, आणि २०१२ मध्ये तिथल्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) तो ३२ चा डोस बंद करायला लावला, शिरेतून एका वेळी १६ मिलिग्रॅमच्या वर द्यायचं नाही असं ठरलं. खूप म्हाताऱ्या माणसांना आणि लिव्हर फार खराब असलेल्यांना त्याहून कमी. त्यामुळे नातेवाईक "अजून एक टोचा हो, बघवत नाही" म्हणतात आणि सिस्टर नाही म्हणते तेव्हा ती खडूसपणा करत नसते.

आणि इथेच आमच्या ताईंची गोष्ट येते. ताईंना बीपी, त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं, त्याने पोटॅशियम कमी होतं. उलट्या-जुलाबाने पोटॅशियम, मॅग्नेशियम अजून कमी होतं. निदान झाल्यापासून झोप उडाली म्हणून मनाच्या डॉक्टरांनी रात्रीची एस्सिटॅलोप्रॅम दिलेली. आणि मध्येच खोकला झाला म्हणून घराजवळच्या डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिन दिलं, तीन दिवसांचा कोर्स. आता यातलं प्रत्येक औषध आपापल्या जागी बरोबर आहे, पण एस्सिटॅलोप्रॅमही क्यूटी वाढवू शकतं, अझिथ्रोमायसिनही, कमी पोटॅशियमने धोका वाढतो, आणि वर ओन्डानसेट्रॉन. ताईंनी यातलं हॉस्पिटलमध्ये काय सांगितलं होतं? शुगर आणि बीपी. मनाच्या गोळीचं नावच काढलं नव्हतं, का तर "अगं, चार लोकांत कशाला सांगायचं". मीच त्यांच्या पर्समधली सगळी पाकिटं टेबलावर ओतली. डॉक्टर चिडले नाहीत, ईसीजी काढला, पोटॅशियम-मॅग्नेशियम तपासलं, पोटॅशियम कमी निघालं ते भरून काढलं, आणि ओन्डानसेट्रॉनऐवजी पॅलोनोसेट्रॉन लिहिलं. त्याच जातीचं औषध, पण क्यूटीवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही, आणि ते शरीरात बराच वेळ टिकतं, निम्मं व्हायलाच चाळीसएक तास लागतात. ०.२५ मिलिग्रॅम, एकदाच. इवलासा डोस बघून भाऊजींना वाटलं फसवतायत.

पण एस्सिटॅलोप्रॅमसारख्या गोळ्या किंवा ट्रामाडॉलसारखं दुखण्याचं औषध चालू असेल तर या सगळ्याच जातीच्या इंजेक्शनबरोबर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची, सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढणं. क्वचित होतं. अंग थरथरणं, खूप घाम, ताप, विनाकारण अस्वस्थपणा, गोंधळल्यासारखं बोलणं असं एकदम दिसलं तर 'अशक्तपणा असेल' म्हणून बसायचं नाही, सांगायचं. तसंच छातीत धडधड, चक्कर, डोळ्यापुढे अंधारी, किंवा अंगावर पित्त उठून श्वास लागणं, हे तर खुर्चीवरूनच ओरडून सांगायचं. मनाची गोळी आपल्या मनाने बंद मात्र करायची नाही, त्याचे वेगळे ताप असतात.

दुसरं इंजेक्शन डेक्सामेथासोन, स्टेरॉइड. हे मळमळीवर फार कामाचं, पण शुगरवाल्यांची शुगर वर पळते. ताईंची केमोच्या दुसऱ्या दिवशी तीनशेच्या पुढे गेली आणि घरात आधी "कोणी गोड दिलं?" यावर चौकशी समिती बसली. कोणी दिलं नव्हतं. आधीच डॉक्टरांना विचारून ठेवायचं की या दिवसांत इन्सुलिन किंवा गोळी किती. आणि एक गंमत म्हणा की त्रास म्हणा, हे भसकन शिरेत ढकललं तर खाली नाजूक जागी एकदम आग किंवा खाज सुटते, बायका बिचाऱ्या लाजेने बोलत नाहीत. मिनिटभरात जाते, पण सिस्टरला "जरा हळू" म्हणायला काहीच हरकत नाही. ओन्डानसेट्रॉनही हळूच द्यायचं असतं, केमोच्या वेळी तर सलाइनमध्ये घालून पंधरा मिनिटांत वगैरे.

तिसरं फोसअ‍ॅप्रेपिटंट, १५० मिलिग्रॅमचं, ते बाटलीतून वीस-तीस मिनिटं चालतं. याने हाताच्या शिरेला जळजळ होऊ शकते, लाल रेघ, सूज दिसली तर थांबवायला सांगायचं, सलाइन बंद होईपर्यंत दात-ओठ खात बसायचं नाही. वॉरफॅरिन (रक्त पातळ करणारी गोळी) घेणाऱ्यांनी हे आधी सांगायलाच हवं. आणि तरुण मुलींसाठी, याने गर्भनिरोधक गोळीचा असर महिनाभर कमी होतो, हे कोणी आपणहून सांगत नाही.

सुईच्या जागेवरून आठवलं. प्रोमेथाझिन, म्हणजे फेनर्गन, हेही उलटीसाठी देतात. अमेरिकेत डायना लेव्हिन नावाच्या एक संगीतकार बाई होत्या, २००० मध्ये अर्धशिशीच्या मळमळीसाठी त्यांना हे हातात ढकललं, ते शिरेऐवजी धमनीत गेलं, गँगरीन झालं आणि हात कापावा लागला. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २००९ मध्ये त्या जिंकल्या. ते इंजेक्शन द्यायचंच असेल तर शक्यतो खोल स्नायूत देतात ते यामुळेच. टोचताना जळतंय, दुखतंय असं पेशंट म्हणाला की हात थांबला पाहिजे, मग औषध कुठलंही असो.

आता ऑपरेशनचं. भूल उतरताना होणारी उलटी हा वेगळा प्रकार, आणि ती कोणाला होणार याचा अंदाज आधी बांधता येतो. बाई असणं, सिगारेट न ओढणं, आधी कधी ऑपरेशननंतर उलट्या झालेल्या असणं किंवा गाडी लागणं, आणि नंतर दुखण्यासाठी मॉर्फिनच्या जातीचं औषध मिळणार असणं, असे चार मुद्दे भूलतज्ज्ञ धरतात. एकही नसेल तर दहात एकाला, चारही असतील तर दहातल्या आठांना त्रास होतो असा ढोबळ हिशोब. म्हणजे ज्यांना आंबा घाटात एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढावं लागतं त्यांनी ते भूलतज्ज्ञांना न लाजता सांगायचं. सिगारेटवाल्यांना उलटी कमी होते हे वाचून आमच्या ह्यांना जो आनंद झाला तो मी लगेच मावळवला.

ऑपरेशनला ओन्डानसेट्रॉनचा डोस छोटा असतो, ४ मिलिग्रॅम, बहुधा संपता संपता देतात. पोटाचं ऑपरेशन असेल तर एक गोष्ट बघायची: हे औषध उलटी दाबतं, पण आतडी झोपलेली असतील तर ती जागी करत नाही. म्हणजे उलटी नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजायचं आणि पोट मात्र ढोलासारखं फुगत जायचं, असं होऊ शकतं. राउंडला डॉक्टर "गॅस पास झाला का?" विचारतात ते त्यासाठी. तिथे लाजून हो म्हणायचं नाही.

आणि मेटोक्लोप्रामाइड, पेरिनॉर्म. माझ्या चुलत भावाच्या मुलीला, कॉलेजला आहे, एका दवाखान्यात दिलं, संध्याकाळी तिची मान मागे ओढली गेली, जबडा वाकडा, डोळे वर. आजी म्हणाली बाहेरचं आहे, नारळ उतरवायची तयारी झालेली. बाहेरचं काही नव्हतं, तरुण मुलांमध्ये या औषधाने स्नायू असे आखडू शकतात, उतारा म्हणून इंजेक्शन असतं, ते दिल्यावर अर्ध्या तासात पोरगी हसत होती. फेनर्गननेच उतरलं, बघा, ज्याच्याबद्दल वर एवढं वाईट लिहिलं! आता तिच्या फाइलवर लाल पेनाने लिहिलंय की हे द्यायचं नाही.

घरी आल्यावरचं थोडं. उलटी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त होऊ शकते, त्यामुळे दिलेल्या गोळ्या 'बरं वाटतंय' म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. रात्रीची ओलान्झापिन लिहिली असेल तर पाकिटावरचं वाचून "ही तर वेडाची गोळी" म्हणून भाऊजींनी फेकली होती तसं करू नये, मळमळीवर ती फार चांगली चालते. झोप खूप येते हे खरं, पण मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येच १० ऐवजी २.५ मिलिग्रॅम देऊन बघितलं, आणि २०२४ मध्ये छापून आलं की छोटा डोसही तेवढाच चालतो आणि दिवसाची गुंगी कमी. झोपेमुळे हैराण असाल तर डॉक्टरांना याबद्दल विचारा, गोळी अर्धी-पाव तुम्ही करू नका.

ओन्डानसेट्रॉनच्या जातीने बऱ्याचदा होणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे डोकेदुखी आणि बद्धकोष्ठ. बद्धकोष्ठ इतका की ताई म्हणायच्या "उलटी परवडली". पाणी, फिरणं, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पातळ औषध पहिल्याच दिवसापासून, चौथ्या दिवशी नाही, आणि एनिमा वगैरे घरगुती प्रयोग केमोत अजिबात नाही. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल घेण्याआधी थर्मामीटर लावायचा, कारण ती गोळी ताप झाकते आणि केमोत १००.४ फॅरनहाइट म्हणजे रात्री दोन वाजतासुद्धा हॉस्पिटलला फोन. तोंडाने पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल तरीही फोन, आणि फोनवर सांगताना शेवटचं इंजेक्शन कुठलं, किती वाजता, हे तयार ठेवा. आम्ही डे-केअरमधून निघताना प्रीमेडच्या कागदाचा फोटो काढतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. गल्लीतल्या डॉक्टरांना तोच फोटो दाखवला तर तेही म्हणाले, "बरं झालं दाखवलंत, मी हेच देणार होतो."