पेटीतून छातीवर : माझा अनुभव

गरोदरपणाचा एकतिसावा आठवडा संपत आला तेव्हा माझं बीपी १७०/११० वर गेलं. पायांवर सूज आधीपासून होती, पण पहिलटकरणीला येतेच म्हणून सगळ्यांनी सोडून दिली होती. मीसुद्धा. हॉस्पिटलात गेल्या गेल्या झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सुरू झालं आणि बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोनची इंजेक्शनं, बारा-बारा तासांनी चार. चौथं झालं आणि दुसऱ्या दिवशी सिझर. मुलगी. वजन १४२० ग्रॅम.

तिला काचेच्या उबदार पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) ठेवलं. पहिले पाच दिवस मी तिला फक्त काचेतून पाहिलं. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं आत सोडायचे, हात लावायचा नाही. जंतुसंसर्ग होईल म्हणायचे. मी पिळून दिलेलं दूध "आत्ता लागणार नाही" म्हणून परत आलं आणि तिला पावडरचं पाजलं. ते परत आलेलं दूध मोरीत ओतलं तो क्षण मी विसरलेले नाही. पाचव्या दिवशी खर्च झेपेना म्हणून तिला सरकारी रुग्णालयात हलवलं. वजन उतरून १२९० झालं होतं.

तिथे दुसऱ्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या, "ताई, पुढून उघडणारा गाऊन घालून या. आजपासून बाळ तुमच्याकडे."

म्हणजे बाळाला पेटीतून काढून माझ्या उघड्या छातीला बांधून ठेवायचं. याला कांगारू मदर केअर म्हणतात. मला कापरं भरलं. सासूबाई तर स्पष्टच बोलल्या, "एवढासा जीव, पेटीतच राहू द्या. पेट्या कमी पडतात म्हणून आईला कामाला लावतायत." मनातून मलाही तेच वाटत होतं. तिथल्या डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आजी, सुरुवात खरंच तशीच झाली. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या होत्या, म्हणून बाळं आयांच्या छातीला बांधली. पण नंतर याची नीट चाचणी झाली. भारतासह पाच देशांत, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात. एक किलो ते १७९९ ग्रॅमची बाळं दोन गटांत वाटली. एका गटाला जन्मल्यापासून लगेच छातीवर ठेवलं, दुसऱ्याला जुन्या पद्धतीने, तब्येत स्थिर झाल्यावर. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दुसऱ्या गटातली १५.७ टक्के बाळं दगावली, पहिल्यातली १२ टक्के. फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली. हे २०२१ मध्ये छापून आलं आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नियमच बदलला : शक्य तितक्या लवकर सुरू करा, दिवसाचे आठ ते चोवीस तास करा.

मी हिशोब केला. माझ्या मुलीचे पाच दिवस त्याशिवाय गेले होते. आजही त्याचा राग येतो, कारण त्यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागणार नव्हतं. आई दाराबाहेरच बसली होती.

पद्धत साधी, पण बारकाव्याची. बाळाला फक्त लंगोट, टोपी, पायमोजे. दोन स्तनांच्या मधे उभं धरायचं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला वळवलेली आणि किंचित वर, म्हणजे श्वास कोंडत नाही. मग कापडाची पट्टी घट्ट बांधायची. झोपायचं तेही पाठीला उशा लावून, अर्धवट बसल्यासारखं. टाक्यांमुळे मला पहिले दोन दिवस तासाभराच्या वर जमेना, तेव्हा माझा नवरा शर्टाची बटणं उघडून बसला. तिचे तळपाय हाताला गरम लागायला हवेत, हे आम्ही तासातासाला बघायचो. ऊब तर मिळतेच, पण मधेच श्वास घ्यायला विसरण्याचे तिचे प्रकारही माझ्या छातीवर कमी झाले, हे मी मॉनिटरवर स्वतः पाहिलं.

दूध आधी नळीने, मग वाटी-चमच्याने. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ गरोदरपणापासून मोजलेल्या साधारण चौतिसाव्या आठवड्याला बसतो, त्याआधी घाई करायची नाही. माझं दूध सुरुवातीला कमी पडलं तेव्हा मिल्क बँकेतून पाश्चराइज केलेलं दुसऱ्या आयांचं दूध आलं. अशी आशियातली पहिली बँक १९८९ साली मुंबईच्या सायन हॉस्पिटलात सुरू झाली, हे मला तेव्हा कळलं. कोण कुठल्या त्या आया! त्यांचे उपकार कसे फेडू?

छातीवर असताना दूधही वाढलं. दिवसाला वीस-बावीस ग्रॅम वजन चढू लागलं. तिसाव्या दिवसाच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घेतली. ही चुकवू नका, वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा पडदा गुपचूप खराब होऊ शकतो. आमचा सुदैवाने चांगला निघाला. १८१० ग्रॅमवर घरी सोडलं.

निघताना सिस्टरनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं : गुटी नाही, मध नाही, धुरी नाही. त्यांनी ऐकलं. घरी दुपारचे दोन तास त्या स्वतः तिला छातीशी बांधून बसायच्या, आणि तेवढ्यात मी झोपायचे.

अडीच किलोच्या आसपास ती पट्टीतून हातपाय बाहेर काढायला लागली, बांधलं की कुरकुरायची. मॅडमना दाखवलं. म्हणाल्या, आता तिला गरज नाही, सोडा.