टोमॅटोचा नवा वाण लावताय? सोबत पुसा रुबी लावा

पोरसातलं टोमॅटोचं झाड भरदुपारी मान टाकतं. संध्याकाळी सावरतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पडतं आणि चौथ्या दिवशी हिरव्यागार पानांसकट संपतं. मग निकाल लागतो, 'हा वाण गोव्यात होत नाही.' दुसरं झाड जगतं, मजबूत वाढतं, फुलं धरतं, पण फळ एकही नाही. त्यावरही निकाल तोच. खरं तर पहिलं झाड जमिनीने मारलं आणि दुसऱ्याला रात्रीच्या उकाड्याने वांझ ठेवलं. ही दोन कारणं वेगळी काढता आली नाहीत तर दहा वाण लावूनही हाती काही लागत नाही. गोव्यातली चाचणी चवीपासून सुरू करता येत नाही, ती मरणाच्या कारणापासून सुरू करावी लागते.

जमिनीचं कारण म्हणजे जिवाणूजन्य मर, रालस्टोनिया सोलॅनेसिअरम. चिऱ्याच्या आम्ल जमिनी, ओल आणि ऊब त्याला मानवतात. तो मुळांच्या जखमांतून शिरतो, खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवतो आणि यजमान झाड नसलं तरी मातीत काही वर्षं टिकतो. ज्या वाफ्यात वांगी किंवा मिरची मेली असेल तिथे टोमॅटोलाही तोच भेटणार. दुसरं कारण हवेचं. टोमॅटोचं फळ नीट धरायला रात्री 15 ते 20 अंश हव्यात. पणजीत जानेवारीतलं किमान तापमान सरासरीने 20 च्या आसपास असतं आणि मार्चमध्ये ते 23 च्या आसपास जातं. म्हणजे आपल्याकडे खिडकीच छोटी आहे, साधारण डिसेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. सत्तरी, सांगेकडच्या आतल्या गावांत रात्री थोड्या थंड असतात, त्यामुळे तिथे चार दिवस जास्त मिळतात.

म्हणून प्रत्येक वाण दोन ठिकाणी लावायचा, जमिनीत आणि स्वच्छ मिश्रण भरलेल्या पिशवीत. पिशवीतलं झाड हवेची परीक्षा देतं, जमिनीतलं झाड जमीन आणि हवा दोन्हींची. पिशवीत फळ धरलं आणि जमिनीत झाड मेलं तर दोष मातीचा. पिशवीतही फुलं गळली तर वाण उकाड्याला कच्चा.

चार वाण पुरे. पाचवा पुसा रुबी, आणि तो मरण्यासाठीच. हा जुना वाण जिवाणूजन्य मरीला सहज बळी पडतो. पुसा रुबी उभा राहिला असेल तर त्या वाफ्यात यंदा रोग फारसा नव्हताच, आणि मग 'मर-प्रतिकारक' वाण जगला याला काही अर्थ उरत नाही. घरगुती चाचण्यांत हीच गोष्ट हटकून राहून जाते. पाकिटावरचा दावा पडताळायचा तर रोगाची हजेरी आधी सिद्ध व्हायला हवी.

मांडणी अशी: साधारण 3 मीटर बाय 3 मीटरचा वाफा, त्याचे चार चौकोन. प्रत्येक चौकोनात प्रत्येक वाणाचं एक झाड, म्हणजे एकूण 20. झाडांत 60 ते 75 सेंटिमीटर अंतर. चौकोनात कोण कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. एका वाणाची एक ओळ असं लावलं की विहिरीकडची ओळ जिंकते, वाण जिंकत नाही. शिवाय मर सगळ्या वाफ्यात सारखी नसते, ती ठिपक्याठिपक्यांनी असते. चार चौकोनांतले चार पुसा रुबी तिचा नकाशा काढून देतात. पिशव्या प्रत्येक वाणाच्या दोन, म्हणजे दहा.

वाण निवडताना बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का रक्षक आणि अर्का सम्राट हे संकर पहिल्या रांगेत ठेवा. पानं वळवणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिघांनाही ते दाद देत नाहीत. बी स्वतः धरायचं असेल तर त्याच संस्थेचे अर्का आभा आणि अर्का आलोक हे सरळ वाण बघा. केरळ कृषी विद्यापीठाचे शक्ती, मुक्ती आणि अनघा हेही मर-प्रतिकारक आहेत. केरळचं हवामान आपल्या जवळचं, म्हणून माझ्या मते गोव्यात त्यांची चाचणी जास्त व्हायला हवी. ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल यांसारखे देखणे परदेशी वाण सुरुवातीला फक्त पिशवीत लावा, जमिनीत सरळ लावणं म्हणजे बी फुकट घालवणं. आणि परदेशातून टपालाने बी मागवू नका. 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे त्याला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. तो नियम उगाच नाही, टोमॅटोचे काही विषाणू बियांवरूनच प्रवास करतात.

बी टाकायचं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. चतुर्थीवर भिस्त ठेवू नका, ती तिथीप्रमाणे पुढेमागे होते. 98 खणांचा ट्रे, कोकोपीट, अर्धा सेंटिमीटर खोली, एका खणात एक बी. पाऊस अजून असतो, म्हणून ट्रे पडवीत पण उजेडात ठेवा. उजेड कमी पडला की रोपं बोरूसारखी उंच होतात. सगळे वाण एकाच दिवशी पेरा. उगवण पाच ते आठ दिवसांत होते, आणि रोप 25 दिवसांचं, चार-पाच पानांचं झालं की लावणी. म्हणजे ऑक्टोबरचा शेवट. पहिली फुलं नोव्हेंबरअखेरीस येतात आणि डिसेंबरच्या थंडीत धरतात. बी टाकायला नोव्हेंबर उजाडला तर मोठ्या फळांच्या वाणांना फळ धरायला वेळच उरत नाही.

वाफ्याची तयारी लावणीआधी तीन आठवडे. पहिल्यांदा शेतीचा चुना किंवा डोलोमाइट, चौरस मीटरला 200 ग्रॅम, म्हणजे एवढ्या वाफ्याला दोन किलो पुरे. तो शेणखतासोबत एकाच दिवशी मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. दोन आठवड्यांनी प्रत्येक झाडामागे दोन किलो कुजलेलं शेणखत आणि 100 ग्रॅम निंबोळी पेंड. वाफा वीतभर उंच. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आणि तापलेली माती एकत्र आली की मरीची चंगळ असते, आणि तेव्हा पाणी निचरून जाणं चुन्याइतकंच महत्त्वाचं. पाणी एका झाडाकडून दुसऱ्याकडे पाटाने वाहू देऊ नका, झारीने द्या. खोडाजवळ कुदळ घालू नका, तुटलेलं मूळ म्हणजे उघडं दार. तण हाताने उपटा आणि वर पेंढ्याचं किंवा सुक्या चुडतांच्या तुकड्यांचं आच्छादन घाला.

पिशवी 12 इंच बाय 12 इंचाची, साधारण 20 लिटरची. मिश्रण: धुतलेलं कोकोपीट दोन भाग, गांडूळखत एक भाग, जाड रेती अर्धा भाग. रेती खाडीची नको, मीठ असतं. पोरसातल्या मातीची मूठही नको, नाहीतर सगळा खटाटोप वाया. पिशव्या चिऱ्यांवर ठेवा. जमिनीवर टेकवल्या तर मुळं भोकांतून खाली जातात आणि रोग तिथूनच वर येतो. याच कारणाने जमिनीत वापरलेली कात्री पिशव्यांकडे नेण्याआधी स्पिरिटने पुसा.

पिशवीतल्या झाडांना लावणीनंतर पंधरा दिवसांनी आठवड्यातून एकदा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरला दोन ग्रॅम. फुलं आली की पंधरवड्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट, तेही लिटरला दोन ग्रॅम, पण दोन्ही एका बादलीत नकोत, साका होऊन खाली बसतो. पाण्यात खाडा पडला की फळाचं बूड काळं पडतं. रोमा, सान मार्झानो असे लांबट वाण त्यात आधी सापडतात. हा रोग नव्हे, फळापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही एवढंच.

आता मेलेलं झाड वाचणं. खोडाचा बुडाजवळचा वीतभरापेक्षा थोडा कमी तुकडा कापा आणि स्वच्छ काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्याचं खालचं टोक पाण्यात बुडेल असा लटकवा. हलवू नका. दोन ते पाच मिनिटांत उदबत्तीच्या धुराची रेघ उलटी खाली उतरावी तसा दुधट धागा उतरला तर जिवाणूजन्य मर नक्की. धागा नाही, पण खालची पानं आधी पिवळी पडली होती, तीही बऱ्याचदा एकाच बाजूची, तर फ्युजेरियम बुरशीचा संशय घ्या. बुडाशी पांढरा कापूस आणि त्यात मोहरीसारखे दाणे दिसले तर स्क्लेरोशियम बुरशी. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले सूक्ष्म जंत. हे सूत्रकृमी मुळं फोडून मरीला वाट करून देतात, त्यामुळे प्रतिकारक वाणही कधी कधी पडतो. असा वाण बाद करण्याआधी मुळं उपटून बघाच.

मर नक्की झाली की पुसा रुबी असो की दुसरा कोणी, झाड त्याच दिवशी मुळांभोवतीच्या मातीसकट काढा. जाळा किंवा पिशवीत बांधून बाहेर टाका, खतखड्ड्यात नको. आजारी झाड वाफ्यात ठेवलं तर निरीक्षणाच्या नावाखाली आपणच रोग पोसतो.

फळ धरतंय का ते गुच्छ मोजून कळतं. प्रत्येक झाडाच्या पहिल्या तीन गुच्छांतली फुलं मोजा, तीन आठवड्यांनी फळं मोजा. देठाच्या गाठीपाशी पिवळं पडून फूल गळलं की ते परागीभवन फसल्याचं लक्षण. दमट हवेत पराग चिकट होतो, म्हणून सकाळी दहाच्या सुमाराला गुच्छाच्या देठाला हलकी टिचकी मारा, पण मारायची तर सगळ्या वाणांना. चेरी टोमॅटो उकाड्यातही बऱ्यापैकी धरतात. त्यांची तुलना मोठ्या फळांशी करू नका.

तोडणीला स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि वही. झाडागणिक तारीख, चांगल्या फळांचं वजन, तडकलेल्यांचं वेगळं, अळीने पोखरलेल्यांचं वेगळं. चव घेताना फळं फ्रिजमधली नकोत. सारख्या फोडी करा, बशीखाली क्रमांक ठेवा आणि खाणाऱ्याला नाव सांगू नका. सारही करून बघा. आपल्या घरात आंबटपणाला सोलं, बिंबल आहेतच, तेव्हा टोमॅटोकडून गर आणि रंग जास्त हवा असतो. कच्चा खाताना पहिला आलेला वाण सारात पाणचट निघू शकतो.

पिशवीत चवीला उतरलेला, पण जमिनीत तग न धरणारा वाण असेल तर त्यावर कलम हा उपाय. खुंट, म्हणजे खालचा मुळांचा भाग, वांग्याचा. अर्का केशव, अर्का निधी, अर्का नीलकंठ ही मर-प्रतिकारक वांगी चालतात. वांगं हळू वाढतं, म्हणून ते आठवडाभर आधी पेरा. दोन्हींची खोडं दोन मिलिमीटर जाडीची झाली की 45 अंशांत काप, सिलिकॉनची क्लिप, आणि दोन-तीन दिवस अंधारात दमट झाकण. पुढचे पाच-सहा दिवस हळूहळू उजेड. लावताना जोड मातीच्या चार बोटं वर हवा. टोमॅटो खोल लावायची हाताला सवय असते, पण इथे जोड गाडला तर वरच्या टोमॅटोला स्वतःची मुळं फुटतात आणि मर त्यांतून आत शिरते.

बी फक्त सरळ वाणांचं धरा. अर्का रक्षकासारख्या संकराचं बी पुढच्या वर्षी सरमिसळ देतं. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर दोन दिवस पेल्यात आंबवा, वरचा पापुद्रा काढून बी धुवा आणि सावलीत बशीवर वाळवा. कागदावर नको, चिकटतं. मग मे संपण्याआधी कागदी पुडीत, सिलिका जेल टाकलेल्या घट्ट बाटलीत आणि फ्रिजमध्ये. पुडीवर वाणाचं नाव, वर्ष आणि तो कुठल्या चौकोनात उभा राहिला ते लिहा.