‘युरोपा’वर दोर धरताना: पुण्याहून जाणाऱ्या ट्रेकर मंडळींसाठी

सह्याद्रीत दोर हाताळलेला माणूस शिडाच्या जहाजावर पहिली चूक करतो ती गाठीचीच. सुळक्यावर गाठ सुटू नये ही काळजी. जहाजावर वाऱ्याचा झोत आला की दोर क्षणात सुटायला हवा. म्हणून ‘युरोपा’ या तीन डोलकाठ्यांच्या डच बार्कवर, म्हणजे शिडाच्या मोठ्या जहाजावर, शिडांचे दोर गाठ मारून नव्हे, पिनला (कठड्यातल्या उभ्या खुंटीला) फेरे देऊन अडकवतात.

जहाज १९११चे, एल्बे नदीच्या मुखाशी उभे राहणारे दीपजहाज (तरते दीपगृह) म्हणून हॅम्बुर्गला बांधलेले. १९९४पासून ते शिडांवर चालते. लांबी ५६ मीटर. पैसे भरून आलेल्यालाही पाळी लागते: चार तास काम, आठ तास सुट्टी, रात्रीसुद्धा.

पहिला दिवस पिनवरच जातो. दोर आधी पिनच्या खालच्या टोकामागून घ्यायचा, मग इंग्रजी आठाच्या आकारात तीन-चार फेरे. वर उलटा मुरडा घालून ‘कुलूप’ लावायचे नाही. ओला दोर आवळला की ते निघत नाही. सोडताना गुंडाळी आधी डेकवर पालथी ठेवायची, म्हणजे पिनकडचे पदर वर येतात. नाहीतर गुंता सरळ वरच्या कप्पीत जाऊन बसतो. भार असेल तर सगळे फेरे एकदम काढू नका. शेवटचा फेरा घर्षणाने वजन पेलतो. तोही काढून नुसत्या हाताने धरले की तळवे सोलतात.

सराव घरी होतो. बाल्कनीच्या गजांत लाटणे घट्ट बांधले की पिन तयार. रविवार पेठेत, बोहरी आळीत तीन पेडी दोर मिळतो. १० मिलिमीटरचा दहा मीटर पुरे. चढाईचा दोर इथे उपयोगाचा नाही, त्याला पेड उलगडून स्प्लाइस, म्हणजे पेड दोरातच विणून जोड, करता येत नाही. नेहमीचा उजव्या पिळाचा दोर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच गुंडाळायचा, उलटा गुंडाळला की वेढे पडतात. डोळ्याच्या (दोराच्या टोकाला फासा करणाऱ्या) स्प्लाइसला नैसर्गिक धाग्यात तीन विणी चालतात, नायलॉन निसरडे म्हणून पाच.

डोलकाठीवर चढायचे ते वाऱ्याच्या बाजूने, म्हणजे वारा अंग दोरांवर दाबून ठेवतो. हात उभ्या श्राउडला (डोलकाठीला ताणून धरणाऱ्या दोराला), आडव्या पायऱ्यांना कधीही नाही. पायरी तुटू शकते. यार्डखालच्या (शीड बांधलेल्या आडव्या काठीखालच्या) पायदोरावर पाय टाकण्याआधी ओरडून सांगा. तुमच्या वजनाने तो दोर ताणला जातो आणि आधीच उभा असलेला माणूस हलतो. इथे बेसावध ट्रेकर जास्त धोक्याचे, कारण उंचीची भीती मेलेली असते! हार्नेस जहाजावर मिळते.

सुकाणूवर नवखा माणूस होकायंत्राच्या काट्यामागे धावतो. चाक फिरवल्यावर जहाज उशिरा वळते, तोवर आपण आणखी फिरवलेले असते आणि मागे नागमोडी रेघ उमटते. थोडेच फिरवा, थांबा. डोलकाठीशेजारी एखादा तारा धरून ठेवला की सोपे जाते, फक्त पंधरा-वीस मिनिटांनी तो बदला, कारण तारेही सरकतात.

बोट लागतेच. गोळी डॉक्टरांना विचारून, बंदर सोडण्याआधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. पोंचो नको, वाऱ्यात अडकतो. जाकीट-पँट वेगळे हवेत. अंगठ्या घरी ठेवा, चष्म्याला दोरी लावा. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा.

व्हिसात लोक फसतात. मार्ग नेदरलँड्सहून ब्रिटिश बंदराला असेल तर शेंगेनबरोबर (युरोपीय देशांच्या सामाईक व्हिसाबरोबर) ब्रिटनचाही व्हिसा लागतो, आणि पुन्हा युरोपात शिरून परतायचे असेल तर शेंगेन अनेक प्रवेशांचा मागा. वारा वेळापत्रक पाळत नाही. परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. विमा काढताना डोलकाठीवर चढणे त्यात धरले आहे का ते लेखी विचारा. आणि चाकू चेक-इन सामानात.